शंभर टक्के रंगांचा मॉनिटर

माझ्या दादाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. शाळेत असताना त्याने चित्रात गवत तांबडं रंगवलं आणि बाईंनी ती वही वर्गभर फिरवली. दादा घरी आला तो तापच घेऊन. त्या दिवसापासून आमच्या घरात हा विषय बंद झाला. आईने मला बजावलं होतं, पोटात ठेवायचं, बाहेर एक अक्षर काढायचं नाही. आणि एवढं असून पुढे पोटापाण्याला दादाने काय धरलं, तर लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग.

मिक्सिंग म्हणजे कॅमेरावाल्यांनी दिवसभर जे टिपलेलं असतं त्यातलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी घालायची आणि शेवटी सगळ्याचे रंग सारखे करायचे. कापण्याजोडण्यात दादाचा हात धरणारा कोणी नव्हता. पाचशे माणसांच्या गर्दीतून नवरीच्या बापाच्या डोळ्यात आलेलं पाणी तो बरोबर हुडकून काढायचा. पण रंग आले की त्याची गाडी चिखलात. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट येतात, बाहेर उन्हात लालसर येतात, दोन कॅमेऱ्यांचे दोन तऱ्हेचे येतात. ते सगळे माणसांसारखे दिसायला लावावे लागतात. हे दादाला कसं जमावं?

म्हणून आईने सून शोधली.

वहिनीच्या वडिलांचं भिंतीच्या रंगांचं दुकान होतं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं आणि म्हणायचं, अगदी हाच पाहिजे. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची. डब्यात थेंब थेंब रंग सोडायची, काठीने ढवळायची, आणि पोपड्याशेजारी पट्टा ओढून दाखवायची. पोपडा कुठे संपला आणि पट्टा कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. वाळल्यावर किती उतरेल तेही आधीच सांगायची. आई त्या दुकानात तीनदा गेली. तीनदा वेगवेगळे पोपडे घेऊन गेली. चौथ्यांदा गेली ती मागणी घालायला.

"तुमच्या आईंनी मुलगी नाही पसंत केली, डोळे पसंत केले," असं वहिनी मला एकदा म्हणाली होती. वर हसली होती. तिला दादाचं खरं कळलं ते लग्नानंतर चौथ्या दिवशी, त्याने आपल्या टेबलाशी डाव्या हाताला स्टूल ठेवून तिला बसवलं तेव्हा.

बावीस वर्षं ती त्या स्टुलावर बसली. मी खालच्याच मजल्यावर राहते. शाळेच्या ऑफिसातून दुपारी सुटले की वर जायची, आणि दार उघडायच्या आधीच मला त्यांचं ऐकू यायचं.

"लाल?"

"जास्त झालं. मागे या."

"आता?"

"अजून. बास. नाही, एवढं नको. हां, आता तिच्या मावशीचा चेहरा बघू."

"मावशी कुठली?"

"अहो ती, सारखी डावीकडे उभी राहते ती. दात पुढे असलेली."

दादा माउसने रंगाचं चाक फिरवणार आणि वहिनी थांबा म्हणणार. काम म्हणजे एवढंच. पण ह्या एवढ्यावर घर चालत होतं. बाहेरची माणसं आली की दादा म्हणायचा, "आमची ही बसलेली असते आपली. फुकटात लग्नं बघायला मिळतात तिला." माणसं हसायची. वहिनी चहा ठेवायला उठायची. मूलबाळ झालं नाही. आई असेपर्यंत चारचौघांत म्हणायची, "डोळे बघून आणली, बाकीचं बघायचं राहूनच गेलं." आईच्या बाबतीत मी देवापाशी खूप काही मागितलंय, पण ह्या एका वाक्याची क्षमा तिला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

आता मॉनिटरचं.

कधीतरी एखाद्या कामात गडबड व्हायची. वहिनी माहेरी गेलेली असायची किंवा आजारी असायची, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं. तेव्हा दादाचं उत्तर ठरलेलं होतं: "लॅपटॉपची स्क्रीन दगा देते हो. जुनी झाली." एखादी थाप माणूस इतक्यांदा मारतो की शेवटी ती त्याला स्वतःलाच लागते. दादाचं तसं झालं. आपल्या डोळ्यात काही नाही, आपल्याला आजवर धड स्क्रीन मिळाली नाही, हे त्याच्या मनाने घेतलं. मी एकदा म्हटलं, "दादा, तेव्हा गवत तू कागदावर रंगवलं होतंस. तिथे स्क्रीन कुठे होती?" त्यावर तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

मग गावातल्या मोठ्या स्टुडिओच्या मालकाच्या मुलीचं लग्न झालं. मालकाने दादाला बोलावून सांगितलं, "हे तू कर. नीट झालं तर इथून पुढे स्टुडिओचं सगळं मिक्सिंग तुझ्याकडे. पण त्या पंधरा इंची डबड्यावर नको. धड मॉनिटर घे आधी."

दादा घरी आला तो नवरदेवासारखा. "बघितलंस? तेही म्हणाले, स्क्रीनच."

दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा, म्हणून मी. वहिनी का, तर मी तिला हाताला धरून नेली. दादा म्हणत होता, "हिला कशाला? तिथे काय भाजी घ्यायचीय?"

एका फळीवर पाच मॉनिटर ओळीने लावलेले, आणि पाचांवर एकच चित्र चाललेलं. एक बाई हसत हसत बागेतून चालतेय. विकणारा माणूस बोलण्यात मोठा चालू होता. "कामाचं सांगा साहेब. गेम खेळायचेत, हिशोब करायचेत, का व्हिडिओ?"

"व्हिडिओ. घरीच करतो. लग्नाचे."

"मग आकार नंतर, आधी पॅनेल बघा. हे पहिले दोन स्वस्तातले, बाजूने बघितलं की रंग बदलतात. इकडून बघा, तिकडून बघा." त्याने दादाला इकडून तिकडे चालवलं. दादाने मान डोलवली, पण त्याला काही बदललेलं दिसलं नव्हतं हे मला कळलं. वहिनीलाही कळलं. ती चौथ्या मॉनिटरसमोर उभी होती. चोवीस इंची, साधा, काळ्या कडेचा, काचेला चमक नसलेला.

"ह्याच्यात त्या बाईचा चेहरा खरा दिसतोय," ती मला हळूच म्हणाली. "बाकीच्यांत तिला रंग फासल्यासारखं वाटतंय."

विकणाऱ्याचे कान तिखट. "मॅडमना बरोबर कळतं हं. हा चौथा सगळ्यात सरळ आहे. खिडकीसमोर ठेवणार असाल तर हाच घ्या, उजेड मारत नाही."

"तिला काय विचारता," दादा म्हणाला. "ती बागेतली बाई बघतेय. मला तो शेवटचा दाखवा."

शेवटचा सत्तावीस इंची होता. सगळ्यात झगझगीत. विकणाऱ्याने खोका उचलून त्याच्यावरचं वाचायला घेतलं. इतके कोटी रंग, तितका उजेड, कारखान्यातच रंग तपासून सोबत सहीशिक्क्याचा कागद. "शंभर टक्के रंग दाखवतो साहेब हा. शंभर."

दादाने विचारलं, "शंभर टक्के?"

"लेखी आहे."

"म्हणजे कोणीही बसलं समोर, तरी?"

विकणारा हसला. "ज्याला डोळे आहेत त्याला."

दादाही हसला. वहिनी पाचव्या मॉनिटरकडे बघत होती. तिने एकदाच तोंड उघडलं: "अहो, ह्याच्यात लाल फार भडक आहे. आपल्याला फसवेल तो." दादाने तिच्याकडे न बघता विकणाऱ्याला सांगितलं, "हाच बांधा." आणि मग मला म्हणाला, वहिनी दोन हातांवर उभी असताना, "आता एक कटकट गेली."

घरी आल्यावर त्याने सोबतचा तो कागद चिकटपट्टीने भिंतीला लावला. मॉनिटर टेबलावर मावेना. लॅपटॉप उजवीकडे सरकला, स्पीकर डावीकडे आले, आणि डावीकडे स्टुलाला जागा उरली नाही. दादाने ते उचलून माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडे असू दे. पंखा पुसायला उपयोगी पडेल."

मी ते खाली घेऊन आले. वहिनी माझ्या मागोमाग आली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली, ओट्याला टेकून.

"ताई, ते टेबल गेलं तर मी त्या घरात कोण हो?"

"असं काय बोलतेस वहिनी. बायको आहेस त्याची."

"ते झालंच. पण बायको म्हणून मला कोणी आणलंच नव्हतं."

दुधावर ताट झाकायचं राहिलं होतं, ते झाकलं.

दादाने मालकाच्या मुलीचं काम एकट्याने चालवलं. दार लोटून घ्यायचा. आठव्या दिवशी मी वर गेले तेव्हा वहिनी चहा घेऊन आत चालली होती, तिच्यामागे मीही गेले. समोर एवढी मोठी नवरी. शप्पथ सांगते, मला आधी वाटलं मुलीला काहीतरी झालंय. हॉलच्या उजेडाचा हिरवटपणा तसाच राहिलेला, आणि लाल दिसत नाही म्हणून दादाने सगळेच रंग ताणून ताणून वर नेलेले. पोशाख नुसता पेटलेला आणि त्यातून वर आलेला चेहरा पाण्यात पडलेल्या पावासारखा. बुरशी धरलेल्या.

वहिनीने कप ठेवला. "चेहरे हिरवट आलेत."

दादा वळलाच नाही. "कागद वाच भिंतीवरचा."

"कागद मॉनिटरचा आहे. चेहरे हिरवट आलेत. ट्यूबलाइटचं काढलंच नाही तुम्ही."

"बावीस वर्षं त्या फुटक्या स्क्रीनवर बघून बघून तुझीच नजर बिघडलीय. आता चांगलं बघवत नाही तुला."

"अहो, मालकांची मुलगी आहे. मी एकदाच बघते, तासाभराचं काम आहे."

तेव्हा दादा वळला. मी दारात होते हे त्याला दिसत होतं. तरी म्हणाला. "तुला स्वतःची झाली नाही ना एखादी. म्हणून दुसऱ्याच्या पोरीच्या तोंडात खोट दिसते."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. लहान असले तरी सख्खी बहीण आहे. मी चहाच्या कपाकडे बघत राहिले. वहिनी माझ्या अंगावरून बाहेर गेली, स्वयंपाकघरात जाऊन घेवड्याच्या शेंगा निवडायला बसली. एक एक शिर ओढून काढायची आणि ताटलीत मांडून ठेवायची.

थोड्या वेळाने मला म्हणाली, "तुम्हीही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग आता तुम्ही काही बोलायचं नाही. तुमच्या देवाची शपथ आहे तुम्हाला."

"वहिनी, त्याचं काम जाईल."

"जाऊ दे."

मी शपथ पाळली. पण सगळा दोष शपथेवर टाकणं खोटं होईल. त्या दिवशी मला आतून वाटलंच होतं, लागू दे याला एकदा ठेच. ठेच किती मोठी असेल याचा विचार मी केला नाही.

मालकाने रविवारी दुपारी घरी सगळ्यांना बोलावलं. मुलीच्या सासरचेही होते. मालकाची बायको आणि मी एकाच प्रार्थनामंडळातल्या, म्हणून मीही होते. भिंतीएवढा टीव्ही. दादा नवा शर्ट घालून पुढे बसला, वहिनी आणि मी मागच्या ओळीत. सुरुवात सुंदर होती, ते मी म्हणणारच. मुलीच्या बापाने आरशात बघून टाय बांधताना दोनदा सोडला, तो तुकडा दादाने असा लावला होता की बायकांनी डोळे पुसले. मग चेहरे आले.

एकदोघं टीव्हीकडे वाकले. मग मुलीची एक आत्या म्हणाली, "हे सगळे बोटीतून आल्यासारखे का दिसतायत? मळमळतंय का यांना?"

कोणीतरी खुसखुसलं. नवरा मुलगा पडद्यावर हसला आणि मागून एक आवाज आला, "जावईबापू शेवाळलेत." मग काय, रांगच लागली. मुलीच्या सासूने तेवढा विनोद केला नाही. ती म्हणाली, "आमच्या घरी हे लावायचं नाही." मुलगी उठून आत गेली.

मालकाने टीव्ही थांबवला. "कलर कोणी केलाय हा?"

दादा उभा राहिला. त्याने एकदा टीव्हीकडे बघितलं. तिथे काय चुकलंय ते त्याला अजूनही दिसत नव्हतं. ते मला त्याच्या मानेवरून कळलं, आणि मला इतकी कीव आली की मी उठणार होते. पण तेवढ्यात तो वळला आणि बोट करून म्हणाला, "हिने. कलर हीच बघते. मी फक्त कापतो."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने हे चारचौघांत सांगितलं.

सगळ्यांच्या माना मागे फिरल्या. वहिनी बसल्या जागेवरून उठली. पदर सावरावा तशी सावकाश बोलली. "बरोबर आहे. बावीस वर्षं कलर मीच बघते. हा एवढा एक मी बघितला नाही." मग सोफ्यावर उश्या होत्या, चार, त्यांच्याकडे बघून दादाला म्हणाली, "अहो, मला पाठीला ती हिरवी उशी द्या जरा."

दादाने उश्यांकडे बघितलं. दोन लाल होत्या, दोन हिरव्या. तो वाट बघत होता, कोणीतरी हात लावेल, कोणीतरी नजर टाकेल. कोणी हललं नाही. शेवटी त्याने एक उचलली आणि तिच्यापुढे धरली. लाल होती.

"बघितलंत?" वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

पुढचं मला लिहायला नको वाटतं. मोठी माणसं होती ती, जेवूनखाऊन सुखी. आत्याने आपला रुमाल पुढे केला, "हा कुठला हो?" कोणी फुलदाणीतलं पान मोडून आणलं. जावयाने पायातला मोजा दाखवला. दादा उत्तरं देत होता. का देत होता कोणास ठाऊक. एक बरोबर आलं तेव्हा टाळ्या पडल्या. मालक पोट धरून हसत होता आणि म्हणत होता, "आणि मी याला मॉनिटर घ्यायला लावला." वहिनी हसत नव्हती. पण थांबवतही नव्हती. एवढ्या वेळात तिने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली, परत ठेवला.

चालत घरी आलो. चौकात सिग्नल लागला. दादा थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वरचा लाल असतो. तेवढं मला येतं."

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला, तो वहिनीसाठी. लग्नाचे रंग नीट करून द्यायला स्टुडिओत येऊन बसा. वहिनी गेली. अंगावर ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून. मला वाटलं, देवाने उशिरा का होईना बघितलं हिच्याकडे. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तसं म्हटलंसुद्धा.

चौथ्या दिवशी ती दुपारीच परत आली आणि वर न जाता माझ्याकडे आली. स्टुडिओत एक नवीन मुलगी ठेवली होती, चष्मेवाली, कुठूनतरी शिकून आलेली. वहिनीने तीन दिवस तिच्याशेजारी बसून लाल कमी, हिरवं कमी केलं. ती मुलगी निमूट करत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, काकू, तुम्ही एवढे डोळे कशाला फोडता? आणि तिने एक बटण दाबलं.

"एक गोल येतो, ताई. घड्याळासारखा. त्यात एक तिरकी रेघ. चेहऱ्याचा ठिपका त्या रेघेवर बसवायचा. माणूस गोरा असो, काळा असो, रेघ तीच. बसला की चेहरा बरोबर. मी म्हटलं, आणि बघायचं काय? तर म्हणते, बघायचं कशाला, आंधळासुद्धा करेल. माझं राहिलेलं काम तिने अर्ध्या तासात केलं. मग मालक मला म्हणाले, बाई, तुमचं झालं, या आता."

"आणि ते काम बरं झालं होतं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "माझ्यापेक्षा बरं झालं होतं."

मी तिला पाणी दिलं. तिने ग्लास हातात धरला. "तो गोल पहिल्यापासून आहे म्हणे. ह्यांच्याही मशीनमध्ये असणार. कोणाला एकदा सांगितलं असतं ना, मला लाल-हिरवं कळत नाही, तर त्याने दाखवला असता. पण सांगायचंच नव्हतं तुम्हा लोकांना." मग म्हणाली, "त्या गोलातली एक रेघ होते मी, ताई. बावीस वर्षं."

मी विचारलं, "दादाला सांगणार ना?"

"तुम्ही सांगणार?"

मी ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली.

"सांगितलंत तर उद्यापासून ते एकटे करू शकतील सगळं. स्टुडिओसुद्धा कदाचित मिळेल परत, हात चांगला आहे त्यांचा. मग मी कुठे बसू?" तिने ग्लास ओट्यावर ठेवला. "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बघा."

ह्याला आता तीन वर्षं होतील. स्टुडिओचं काम त्या चष्मेवालीकडे गेलं. दादाला गल्लीत नाव पडलं, ब्लॅक-अँड-व्हाइट. मोठी कामं येत नाहीत, वाढदिवस येतात, शाळेचे कार्यक्रम येतात. वहिनी परत टेबलाशी बसते, आता खुर्चीवर, आणि बोलावल्याशिवाय बसत नाही.

"अगं, येतेस का? लाल बघायचं होतं."

"हातातलं होऊ दे."

हातात काही नसतं. मी बघितलंय. ती खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या गाड्या बघते, आणि आत दादा चाकावर हात ठेवून बसून राहतो. पाऊण तास, एक तास. मग जाते. कधी मुद्दाम म्हणते, "नाही, मघाचंच बरं होतं." तो परत मागे जातो, परत पुढे येतो. तिच्यावर तो आता आवाज चढवत नाही. केस पांढरे झालेत, आणि काही बोलायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायची सवय लागलीय. मी एकदा वहिनीला म्हटलं, "पुरे झालं गं आता." ती म्हणाली, "कशाचं पुरे? मी काय केलं? हाक मारली की जाते."

तेही खरंच आहे. आणि मीही काही केलेलं नाही. रोज प्रार्थनेला बसले की मी देवाला तो गोल सांगते, ती रेघ सांगते. दादाला नाही सांगत. सांगितलं तर वहिनी माझ्या दारात उभी राहील आणि विचारेल, मी कोण. त्या प्रश्नापेक्षा मला दादाची मान खाली गेलेली परवडते. असा हिशोब मी केलाय, आणि तो देवाला आवडला नसणार हे मला कळतं.

गेल्या आठवड्यात मी वर बसले होते. कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचं चाललं होतं. दादाचा हात कुठल्याशा बटणाला लागला आणि सत्तावीस इंची मॉनिटरच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन उघडला. त्यात गोल होता. गोलात धुरासारखे ठिपके, आणि मधून एक तिरकी रेघ गेलेली.

दादाने चष्मा वर केला. "हे काय आलं?"

ठिपक्यांचा पुंजका रेघेच्या जरा डावीकडे होता. दादाने सहज चाक हलवलं, तसा पुंजकाही हलला. त्याने परत हलवलं. परत हलला. दादा खुर्चीत पुढे सरकला. "अगं, हे माझ्याबरोबर चालतंय बघ."

मी वहिनीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"मॉनिटरचं काहीतरी असेल," ती म्हणाली. "बंद करा. उगाच बिघडायचं."

दादाने थोडा वेळ त्या गोलाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग बंद केलं.

"लाल?" त्याने विचारलं.

"जास्त झालं," वहिनी म्हणाली. "मागे या."